एंडोमेट्रियमचा कर्करोग आणि पेशींना धरून ठेवणारी प्रथिने: रिपोर्टातल्या ‘त्या’ ओळी कशा वाचायच्या?

सूक्ष्मदर्शिका (धागाकर्ती)

गर्भाशयाच्या अस्तराच्या, म्हणजे एंडोमेट्रियमच्या, कर्करोगाचे रिपोर्ट अलीकडे बरेच लांबले आहेत. पूर्वी प्रकार, ग्रेड (म्हणजे पेशी मूळ रूपापासून किती बदलल्या आहेत) आणि गाठ स्नायूत किती खोल गेली आहे एवढं लिहिलं की आमचं काम व्हायचं. आता खाली पी५३ (पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन), एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) यांच्या जोडीला ई-कॅडहेरिन, बीटा-कॅटेनिन, एल१कॅम अशी पकडीच्या प्रथिनांचीही नावं येतात. नातेवाईक ती नावं रात्री मोबाइलवर शोधतात आणि ‘पेशी सुटल्या, म्हणजे रोग पसरला’ असं समजून हादरतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज या स्लाइड बघते. या भीतीतली निम्मी तरी टाळता येण्यासारखी आहे, म्हणून हा धागा.

निरोगी अस्तरात नळीसारख्या ग्रंथी असतात. ग्रंथीच्या कडेने पेशींची ओळ, एकमेकींना घट्ट लागून. त्यांना धरून ठेवणारं मुख्य प्रथिन ई-कॅडहेरिन. ते पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं असतं. बाहेरचं टोक शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला धरतं, आतलं टोक कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. फुगडीत दोघींनी हात धरावे लागतात, एकीने सोडला की दुसरीचीही पकड जाते. इथेही तसंच, दोन्ही पेशींवर तेच प्रथिन हवं. शिवाय कॅल्शियम हवं. पेशींची एक पकड कॅल्शियमवर अवलंबून असते हे जपानमधल्या मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये दाखवलं आणि त्याच वाटेवर पुढे कॅडहेरिन सापडली.

अस्तराची गोष्ट इतर अवयवांपेक्षा वेगळी आहे, कारण ते दर महिन्याला उभं राहतं आणि गळून जातं. पकड घट्ट करणं आणि सैल करणं हे त्याचं नेहमीचं काम आहे. गर्भ रुजण्याच्या काळात, २८ दिवसांच्या चक्रात साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवशी, अल्फा-व्ही-बीटा-३ नावाचं इंटिग्रिन, म्हणजे पकडीच्याच प्रथिनांच्या दुसऱ्या कुळातलं एक, ग्रंथींच्या पेशींवर दिसू लागतं. म्हणजे ही प्रथिनं कर्करोगाने आणलेली नाहीत. शरीराकडे असलेलीच सामग्री कर्करोग वापरतो.

आता कर्करोगात काय होतं? सर्वांत जास्त आढळणाऱ्या एंडोमेट्रिऑइड प्रकारात, ग्रेड १ ला, ई-कॅडहेरिन बहुधा शाबूत असतं. म्हणूनच ग्रंथींचा आकार ओळखू येतो. ग्रेड ३ मध्ये आणि सीरस या जास्त आक्रमक प्रकारात ते कमी होताना दिसतं. एकाच गाठीतही फरक असतो: मधल्या भागात पकड चांगली आणि स्नायूत घुसणाऱ्या कडेला सैल. ‘मेल्फ’ नावाची एक घुसण्याची तऱ्हा आहे, तिच्यात ग्रंथी चपट्या होतात, तुटतात, पेशी सुट्या किंवा छोट्या पुंजक्यांत दिसतात. तिथे ई-कॅडहेरिन उतरलेलं असतं आणि अशा गाठींत लसिकाग्रंथी बाधित असण्याची शक्यता वाढते.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पोटाच्या एका आनुवंशिक कर्करोगात आणि स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिनचा जीनच, सीडीएच१, बिघडतो. अस्तराच्या कर्करोगात असं क्वचित होतं. इथे जीन जागेवर असतो, फक्त त्याचा आवाज दाबला जातो: त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट बसतात किंवा स्नेल, स्लग, झेब१ यांसारखी प्रथिनं त्याला थोपवतात. त्यामुळे ‘ई-कॅडहेरिन कमी’ या ओळीवरून घरातल्या मुलींची सीडीएच१ तपासणी करायला धावण्याचं कारण नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात: ‘प्रथिन कमी की जास्त’ एवढंच विचारू नका, कुठलं प्रथिन, आणि ते पेशीत कुठे बसलंय, हे विचारा. प्रश्न जरूर टाका. कुणाला कुठला उपचार द्यावा हे मात्र मी इथे सांगणार नाही.

कोकणकन्या

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या मावशीची पिशवी मागच्या महिन्यात काढली. वय ६१. रिपोर्टात एंडोमेट्रिऑइड, ग्रेड १, स्नायूत निम्म्यापेक्षा कमी खोल, लसिकाग्रंथी कोऱ्या. डॉक्टर म्हणाले लवकर सापडलंय. पण खाली लिहिलंय, ‘बीटा-कॅटेनिन: न्यूक्लियर पॉझिटिव्ह’. बीटा-कॅटेनिन पकडीचं प्रथिन आहे ना? मग ते पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच नाही का? की केंद्रकात गेलं म्हणजे आजार आत शिरला? आम्ही चिपळूणला आहोत, पुढची भेट दहा दिवसांनी. तोपर्यंत मावशी आणि तिची मुलगी दोघींची झोप उडाली आहे.

सूक्ष्मदर्शिका

कोकणकन्या, आधी हे सांगते: ‘न्यूक्लियर’ हा शब्द पेशीच्या केंद्रकाबद्दल आहे, शरीरात रोग कुठे पोचला याच्याशी त्याचा संबंध नाही. मावशींना हे आजच सांगा.

आता अर्थ. बीटा-कॅटेनिन दोन ठिकाणी काम करतं. पेशीच्या कडेला ते ई-कॅडहेरिनला सांगाड्याशी जोडतं, हे त्याचं पकडीचं काम. रंगवलेल्या स्लाइडवर निरोगी पेशीतही कडेला त्याची तपकिरी रेघ दिसते, तिला काहीच वाईट अर्थ नाही. दुसरं काम संदेशाचं. पेशीला बाहेरून ‘वाढ’ असा विंट नावाचा संदेश आला की बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातं आणि वाढीचे जीन चालू करतं. संदेश नसेल तेव्हा मोकळं बीटा-कॅटेनिन साठू दिलं जात नाही, त्यावर फॉस्फेटची खूण चढते आणि पेशी ते मोडीत काढते.

ही खूण चढण्याच्या जागा सीटीएनएनबी१ जीनच्या तिसऱ्या एक्सॉनमध्ये, म्हणजे जीनच्या एका तुकड्यात, लिहिलेल्या असतात. नेमकं तिथेच म्युटेशन झालं की खूण चढत नाही, प्रथिन मोडत नाही, आणि संदेश नसतानाही केंद्रकात जाऊन बसतं. स्लाइडवर मग केंद्रकंच तपकिरी दिसतात. २०१३ मध्ये टीसीजीए या अमेरिकेतल्या कर्करोग-जनुक प्रकल्पाने ३७३ गाठींचा जनुकीय अभ्यास छापला. त्यात ज्या गाठींत गुणसूत्रांची फारशी पडझड नव्हती त्या गटात सुमारे निम्म्या गाठींना हे म्युटेशन होतं. म्हणजे मावशींच्या गाठीत जे दिसलं ते विरळ नाही. अशा गाठींत बऱ्याचदा मोरूल नावाचे पेशींचे गोल पुंजकेही दिसतात. रिपोर्टात ‘स्क्वेमस मोरूल’ असं काही असेल तर ते त्याच कुळातलं.

त्याचं महत्त्व एवढंच: लवकरच्या, ग्रेड १-२ च्या गाठींमध्ये हे म्युटेशन असलेल्यांत आजार परत येण्याचं प्रमाण म्युटेशन नसलेल्यांपेक्षा जास्त आढळलं आहे. जास्त म्हणजे ‘होणारच’ नव्हे. लवकरच्या स्टेजला मुळात बहुसंख्य बायका बऱ्या होतात. डॉक्टरांना भेटाल तेव्हा सरळ विचारा, ‘या ओळीमुळे मावशीच्या पुढच्या उपचारात किंवा तपासण्यांच्या वेळापत्रकात काही बदलतंय का?’

गोंयकार

उत्तम लेख. पण मला एक गाठ सुटत नाही. पकड सुटली की पेशी भटकतात, म्हणून ई-कॅडहेरिन कमी होणं वाईट, हे पटलं. मग एल१कॅम हेही पकडीचंच प्रथिन, आणि ते जास्त असणं वाईट असं वाचलंय, ते कसं? पकड वाढली तर पेशी जागेवरच राहायला हव्यात.

अनिकेत_बासेल

गोंयकार, प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. मी पेशींच्या हालचालीवर काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एल१कॅम मूळचं मज्जासंस्थेचं प्रथिन. ते १९८० च्या दशकात उंदराच्या मेंदूत ओळखलं गेलं. गर्भात मेंदू घडताना मज्जातंतूंची टोकं लांब लांब प्रवास करतात, आणि जाताना इतर तंतूंना, आजूबाजूच्या जाळ्याला धरत-सोडत पुढे सरकतात. एल१कॅम त्या प्रवासाचं प्रथिन आहे. त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर आहे. जन्मतः तो बिघडलेला असेल तर मुलग्यांमध्ये डोक्यात पाणी साठण्याचा एक प्रकार होतो.

म्हणजे धरणं दोन तऱ्हांचं असतं. ई-कॅडहेरिन शेजारणीला धरून ओळ टिकवतं. एल१कॅम पुढे सरकण्यासाठी धरतं. निरोगी अस्तराच्या पेशींना एल१कॅमची गरज नसते, तिथे ते जवळपास दिसतच नाही. गाठीतल्या काही पेशी ते चालू करतात तेव्हा त्यांना प्रवासाची क्षमता मिळते. पुष्कळदा याच पेशींत ई-कॅडहेरिन खाली आलेलं असतं आणि पेशी स्थिर ओळीचं रूप सोडून सुट्या, सरकत्या पेशींसारखी वागू लागते. आणखी एक: अ‍ॅडम१० नावाचं एन्झाइम एल१कॅमचा बाहेरचा भाग कापून सोडतं, तो मोकळा तुकडाही आजूबाजूच्या पेशींना संदेश देऊ शकतो.

आकडेही सांगतो. २०१३ मध्ये युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून स्टेज १ च्या, एरवी सौम्य समजल्या जाणाऱ्या १०२१ गाठी तपासल्या. १७.७ टक्के गाठी एल१कॅम पॉझिटिव्ह निघाल्या. पॉझिटिव्ह बायकांपैकी ५१.४ टक्क्यांत आजार परतला, निगेटिव्हमध्ये फक्त २.९ टक्क्यांत. हे आकडे वाचून कुणीही हादरेल. पण पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या पोर्टेक-१ आणि पोर्टेक-२ या रेडिएशनच्या चाचण्यांतल्या ८६५ बायकांच्या गाठी बघितल्या, तेव्हा दहा टक्क्यांहून जास्त पेशींत एल१कॅम असलेल्या गाठी केवळ ७ टक्के होत्या. त्यांच्यात दूरच्या अवयवात आजार जाण्याचा धोका सुमारे पाचपट होता. दिशा तीच, पण पहिल्या अभ्यासाइतकं टोकाचं चित्र नाही. पहिला अभ्यास जुन्या नोंदी मागे वळून बघणारा होता, दुसऱ्यात बायका आखलेल्या चाचणीत होत्या आणि रेडिएशन कुणाला मिळालं हे ठरवून झालेलं होतं. माझा भरवसा दुसऱ्या आकड्यांवर जास्त आहे. ५१ टक्के हा आकडा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तो एकटा वाचू नका.

निवांत

निवृत्त शिक्षक आहे, विषय नवा, पण दोनदा वाचून समजला. एक प्रश्न. पकडीला कॅल्शियम लागतं म्हणता, तर बायकांनी कॅल्शियमच्या गोळ्या, नाचणी, तीळ वाढवले तर ई-कॅडहेरिनची पकड पक्की राहील का? आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक संघात अशा गोष्टी लगेच पसरतात, म्हणून खात्री करून घेतो.

अनिकेत_बासेल

सर, नाही. रक्तातलं आणि पेशींभोवतीचं कॅल्शियम पॅराथायरॉइडचं संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व फार अरुंद मर्यादेत ठेवतात. आहारात कमी पडलं तर शरीर हाडांतून काढतं, पण रक्तातली पातळी टिकवतं. ई-कॅडहेरिनला लागेल तेवढं कॅल्शियम पेशींभोवती असतंच. कर्करोगात तुटवडा प्रथिनाचा असतो, कॅल्शियमचा नाही. नाचणी हाडांसाठी जरूर खावी. संघात कुणी या कारणासाठी गोळ्या वाढवत असेल तर कृपया थांबवा, विशेषतः मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांना.

डॉ_रेवा

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला या चर्चेत एक गोष्ट ठामपणे घालायची आहे. एल१कॅमच्या आधीची ओळ आहे रक्तस्राव. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, एक डाग का असेना, तर तपासणी. या कर्करोगाच्या दहातल्या नऊ बायकांना पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव होतो. उलट बाजूने पाहिलं तर असा रक्तस्राव होणाऱ्या शंभरात साधारण नऊ जणींनाच कर्करोग निघतो, म्हणून घाबरून लपवण्याचंही कारण नाही. माझ्याकडे बायका ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सहा-सहा महिने थांबून येतात. वजन जास्त, मधुमेह, पीसीओएस, स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू, अशा बायकांनी तर अजिबात थांबू नये.

दुसरं, रिपोर्टात आता येणाऱ्या या नावांबद्दल पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीशी थोडा मतभेद. प्रत्येक रिपोर्टात ई-कॅडहेरिन आणि एल१कॅम करावं असं मला वाटत नाही. आमच्या कोल्हापूरकडच्या पेशंटला प्रत्येक जादा मार्करचा खर्च खिशातून जातो. पी५३ आणि चार एमएमआर प्रथिनं हे आधी व्हायला हवं, कारण त्यावर उपचार खरोखर बदलतात आणि एमएमआरवरून घराण्याचा धोकाही कळतो. फिगो या आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग संघटनेच्या २०२३ च्या स्टेजिंगमध्ये पोल (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचा जीन) आणि पी५३ यांनी स्टेज बदलते. एल१कॅमने किंवा बीटा-कॅटेनिनने बदलत नाही.

सूक्ष्मदर्शिका

रेवाताई, पहिल्या परिच्छेदाला माझे दोन्ही हात वर. क्रमाबद्दलही सहमत: पी५३ आणि एमएमआर आधी, यात वाद नाही. ई-कॅडहेरिन तर सरसकट करण्याची गरज मलाही दिसत नाही. ते निदानात अडचण असेल तेव्हा उपयोगी, उदाहरणार्थ अविभेदित, म्हणजे पेशींचं मूळ रूपच ओळखू येत नाही अशा, कर्करोगाची शंका असताना.

एल१कॅमबद्दल मात्र माझं मत वेगळं. पी५३ बिघडलेल्या गाठींत एल१कॅम बरेचदा पॉझिटिव्ह असतंच, तिथे ते वेगळं काही सांगत नाही. पण पी५३ ठीक, एमएमआर ठीक, पोल म्युटेशन नाही, असा जो मोठा उरलेला गट आहे, तिथे सगळ्या गाठी वरून सारख्या दिसतात आणि त्यातल्या थोड्या धोकादायक असतात. त्या वेगळ्या काढायला हा एक साधा डाग, म्हणजे स्लाइडवर प्रथिन रंगवून बघणं, मदत करतो. जनुकीय तपासणीपेक्षा तो खूप स्वस्त आहे आणि गाठीचा तुकडा असलेला मेणाचा ब्लॉक आधीच आमच्या कपाटात असतो. पोर्टेक-४ए या चाचणीत रेडिएशन ठरवताना हाच विचार वापरला: एल१कॅम दहा टक्क्यांहून जास्त किंवा पी५३ बिघडलेलं असेल तर बाहेरून रेडिएशन, एमएमआर बिघडलेलं किंवा सीटीएनएनबी१ म्युटेशन असेल तर फक्त आतून, योनीमार्गातून, आणि पोल म्युटेशन असेल किंवा यातलं काहीच नसेल तर नुसती देखरेख. ही चाचणी फक्त मध्यम-वरच्या धोक्याच्या बायकांसाठी होती, हे विसरायचं नाही. पण तिच्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते: मार्कर बघून काही बायकांचे उपचार *कमी* करता येतात.

डॉ_रेवा

कमी करण्याच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. योनीमार्गाचं रेडिएशन झालेल्या बायका नंतर कोरडेपणाबद्दल, संबंधांच्या वेळच्या दुखण्याबद्दल कुणाशी बोलत नाहीत, आणि आपणही विचारत नाही. ज्यांना ते टाळता येईल त्यांचं टाळलंच पाहिजे. उरलेल्या गटात एल१कॅम करायचं, एवढ्यावर मी येऊ शकते. शस्त्रक्रियेआधीच्या बायोप्सीवरही ते करता येतं. युरोपात ‘एंडोरिस्क’ नावाचं जे गणिती साधन बनवलं आहे त्यात बायोप्सीतलं ईआर, पीआर (संप्रेरकांचा संदेश घेणारी प्रथिनं), पी५३ आणि एल१कॅम धरून लसिकाग्रंथी बाधित असण्याचा अंदाज काढतात. आपल्या छोट्या शहरांत मात्र बायोप्सीचा तुकडाच इतका लहान येतो की चार डागांनंतर तो संपतो.

वैदर्भी

थोडं वेगळं विचारते. आईला ५४ व्या वर्षी आतड्याचा कर्करोग झाला, मामालाही झाला होता. आईच्या जनुकीय रिपोर्टात ‘ईपीकॅम डिलीशन’ आहे. समुपदेशकांनी लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालणारा कर्करोगाचा धोका, सांगितला आणि मला अस्तराच्या कर्करोगावरही लक्ष ठेवायला सांगितलं. पण ईपीकॅम म्हणजे पेशी चिकटवणारं प्रथिन असं वाचलं. म्हणजे आमच्या घरात पेशींची पकड जन्मतःच कमी आहे का?

अनिकेत_बासेल

वैदर्भी, नाही, आणि यामागचं कारण मला जनुकशास्त्रातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतं.

दुसऱ्या गुणसूत्रावर ईपीकॅमचा जीन आणि एमएसएच२ चा जीन शेजारी-शेजारी आहेत. एमएसएच२ हा डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारा जीन. ईपीकॅमच्या शेवटच्या भागात ‘इथे थांब’ अशी खूण असते. तुमच्या घरात तो शेवटचा तुकडा गळालेला आहे. त्यामुळे ईपीकॅम वाचणारी यंत्रणा थांबत नाही, पुढे एमएसएच२ मध्ये घुसते, आणि एमएसएच२ मिथाइलने बंद पडतो. तो स्वतः निर्दोष असतो, शेजाऱ्यामुळे गप्प होतो. म्हणून त्रास पकडीचा नाही, दुरुस्तीचा आहे.

हे मुख्यतः ईपीकॅम चालू असलेल्या पेशींतच घडतं. त्यामुळे २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात या कुटुंबांमध्ये सत्तरीपर्यंत आतड्याच्या कर्करोगाचा धोका ७५ टक्के, पण अस्तराच्या कर्करोगाचा १२ टक्के आढळला. थेट एमएसएच२ बिघडलेल्या बायकांत तो अस्तराचा धोका ५१ टक्के होता. मात्र गळालेला तुकडा एमएसएच२ च्या किती जवळ पोचतो यावर हा धोका बदलतो. तुमची स्वतःची तपासणी झाली नसेल तर ती आधी करा, आणि झाली असेल तर रिपोर्टातल्या डिलीशनची नेमकी हद्द समुपदेशकांना विचारा. कोलोनोस्कोपी चुकवू नका.

वैदर्भी

माझी तपासणी अजून झाली नाही, टाळत होते. नागपूरलाच होते असं कळलंय, याच आठवड्यात नंबर लावते. मनापासून धन्यवाद.

कोकणकन्या

मावशीच्या मुलीला हा सगळा धागा वाचून दाखवला. ‘केंद्रकात’ म्हणजे पेशीच्या केंद्रकात, हे कळल्यावरच ती निम्मी सावरली. मावशीच्या रिपोर्टात पी५३ नॉर्मल आहे, चारही एमएमआर आहेत. एल१कॅम केलेलं नाही. मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यावं असं घरात चाललंय. तिकडे जाताना काय न्यायचं?

सूक्ष्मदर्शिका

नुसता कागद नेऊ नका. जिथे शस्त्रक्रिया झाली त्या लॅबमधून गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड, दोन्ही लेखी अर्ज देऊन घ्या. ब्लॉक असतील तर एल१कॅम तिथेच करता येईल, नवा तुकडा काढावा लागणार नाही. ब्लॉक सामानात उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड डब्यात उभ्या ठेवा. मूळ रिपोर्ट, शस्त्रक्रियेची नोंद, आधीची सोनोग्राफी किंवा एमआरआयची सीडी. आणि शस्त्रक्रियेची तारीख ठळक लिहून ठेवा: पुढे रेडिएशन द्यायचं ठरलं तर ते जखम भरल्यावर काही आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं, त्यामुळे दुसऱ्या मतासाठी अपॉइंटमेंट या दहा दिवसांतच मिळते का बघा. काही अडलं तर इथेच लिहा, मी रोज संध्याकाळी धागा उघडते.